जन्मदात्री आणि राजमाता : चिनी अंतःपुरातील दडवलेली नाती

चीनच्या राजदरबारातील स्त्रियांची स्पर्धा हा विषय बहुधा मत्सर, कपट आणि विषप्रयोग यांच्या कथांतून वाचकापुढे येतो, आणि त्या कथांत स्त्री एकतर दुष्ट असते किंवा दुर्दैवी असते. सुंग (९६०–१२७९) आणि मिंग (१३६८–१६४४) या दोन घराण्यांच्या काळातील ज्या दोन प्रकरणांवर या कथांचा मोठा भाग उभा आहे, त्यांच्या नोंदी शांतपणे तपासल्या, तर स्पर्धेचे मूळ प्रेमात होते त्याहून कितीतरी अधिक मातृत्वाच्या नियमांत होते, असे दिसून येते. मुलाची आई कोण हे जिथे दर्जा, नोंद आणि विधी यांनी ठरत असे, तिथे खरी ओळख दडवण्याची सोयही त्याच व्यवस्थेत होती आणि गरजही तिनेच निर्माण केली होती. त्यामुळे एखाद्या राणीच्या स्वभावदोषावर सारा भार टाकणारे परंपरेचे आकलन अपुरेच नव्हे तर अन्यायकारकही ठरते.

चिनी कुटुंबव्यवस्थेत पुरुषाला विधिपूर्वक विवाह केलेली पत्नी एका वेळी एकच असे. उपपत्नी मात्र अनेक असू शकत. उपपत्नींच्या पोटी जन्मलेली सर्व मुले धर्मविधीच्या दृष्टीने त्या एका पत्नीची मानली जात, आणि अशा धर्माने झालेल्या आईला ‘दीमू’ म्हणत. राजघराण्यात हाच नियम राज्याचा पाया झाला होता. सम्राज्ञी ही सर्व राजपुत्रांची दीमू. तिच्याखाली श्रेणीने बांधलेल्या उपराण्या, त्यांच्याखाली अंतःपुराचा कारभार पाहणाऱ्या स्त्री-अधिकारी आणि सर्वांत खाली दासी, अशी उतरंड असे. यातील कोणत्याही स्त्रीवर सम्राटाची मर्जी बसू शकत असे. पण मुलगा झाल्याने तिचा दर्जा किती वाढेल, मूल तिच्याजवळ राहील की नाही आणि मृत्यूनंतर तिचे दफन कोणत्या इतमामाने होईल, या गोष्टी तिच्या हाती नसत. मुलगा पुढे सम्राट झाला, तरी त्याच्या जन्मदात्रीला पूर्वजांच्या मुख्य मंदिरात सम्राटाच्या शेजारी स्थान मिळणे कठीण असे, कारण ते स्थान सम्राज्ञीचे होते.

या व्यवस्थेचा दुसरा आधार लेखणीचा होता. सम्राटाचा सहवास कोणत्या स्त्रीला कोणत्या दिवशी लाभला याची तारीखवार नोंद ठेवण्यासाठी मिंग काळात ‘तोंगशी’ नावाचे स्त्री-लेखनिकेचे पदच होते, आणि जन्माला आलेल्या मुलाचे पितृत्व या नोंदीशी ताडून पाहिले जाई. अंतःपुराची दारे, कोठारे, पाकशाळा आणि निरोपांची ने-आण खोज्यांच्या, म्हणजे खच्ची करून राजवाड्याच्या सेवेत घेतलेल्या पुरुषांच्या, हाती असे. बाहेरच्या मंत्र्यांना आत प्रवेश नव्हता आणि आतल्या स्त्रियांना बाहेर पाऊल टाकता येत नव्हते. आतली बातमी बाहेर आणि बाहेरची आत नेणारी साखळी खोज्यांचीच होती. एखादी नोंद झालीच नाही, किंवा एखाद्या खोज्याने तोंड मिटून घ्यायचे ठरवले, तर एक जिवंत माणूस कागदोपत्री नाहीसा होऊ शकत असे.

पहिले प्रकरण सुंग घराण्याचा तिसरा सम्राट झेनझोंग (कारकीर्द ९९७–१०२२) याच्या अंतःपुरातील आहे. त्याची लाडकी राणी लिऊ ही मूळची नैर्ऋत्येकडील सिच्वान प्रांतातली, लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेली आणि गोंग मेई नावाच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराबरोबर राजधानी कायफेंगला आलेली. झेनझोंग तेव्हा राजपुत्र होता. गोंग मेईशी लिऊचे नाते पतिपत्नीचे असावे असे जुन्या नोंदींवरून दिसते. ओढग्रस्तीमुळे त्याने तिला दुसरीकडे देण्याचे ठरवले आणि ती राजपुत्राच्या वाड्यात दाखल झाली. राजपुत्राच्या दाईला हे मुळीच रुचले नाही, तक्रार थेट त्याच्या पित्याच्या, सम्राट ताइझोंगच्या, कानी गेली आणि तिला वाड्याबाहेर काढण्याचा हुकूम सुटला. राजपुत्राने हुकूम वरवर पाळला आणि तिला झांग ची या आपल्या विश्वासू अधिकाऱ्याच्या घरी लपवून ठेवले. पित्याच्या मृत्यूनंतर तो स्वतः गादीवर बसला, तेव्हाच तिला राजवाड्यात उघडपणे पाऊल ठेवता आले.

पुढे तिच्या पूर्वायुष्याची रीतसर नवी मांडणी झाली. तिला माहेर नव्हते, आणि माहेर नसलेल्या स्त्रीला सम्राज्ञीपद मिळणे अवघड होते. म्हणून गोंग मेईने आपले आडनाव बदलून लिऊ हे नाव घेतले आणि तो तिचा थोरला भाऊ म्हणून दरबारात वावरू लागला. ज्या पुरुषाबरोबर ती राजधानीत आली तोच आता राणीचा भाऊ म्हणून अधिकारपदे भूषवीत होता, आणि ही गोष्ट जाणणारे लोक दरबारात असतानाही कागदावरचे नाते हेच खरे नाते ठरले. १०१२ च्या सुमारास सम्राटाने तिला सम्राज्ञी करण्याचे ठरवले, तेव्हा काही ज्येष्ठ मंत्र्यांनी तिच्या हीन कुळाचा मुद्दा काढून विरोध केला आणि यांग यी या नामवंत पंडिताने घोषणापत्राचा मसुदा लिहिण्याचे नाकारले. तरीही ती सम्राज्ञी झाली, कारण तोवर तिच्याजवळ एक मुलगा होता.

तो मुलगा तिचा नव्हता. तिच्या सेवेत ली आडनावाची एक अबोल, गंभीर स्वभावाची दासी होती. तिच्यावर सम्राटाची मर्जी बसली आणि ती गरोदर राहिली. सम्राटाबरोबर ती एका उंच सज्जावर गेली असताना तिच्या केसांतली जेडची पिन निसटून खाली पडली, आणि पिन अभंग सापडली तर मुलगा होईल असा कौल सम्राटाने मनोमन लावला, अशी हकिकत सुंग घराण्याच्या इतिहासात येते. पिन अभंग मिळाली आणि १०१० मध्ये मुलगा झाला. लिऊने त्याला जन्मतःच आपल्याकडे घेतले, यांग नावाच्या दुसऱ्या राणीच्या मदतीने त्याला वाढवले आणि तो तिचाच म्हणून ओळखला जाऊ लागला. लीला उपराण्यांच्या यादीत खालचा दर्जा मिळाला, पण आपल्या मुलासमोर ती इतर दहाजणींसारखीच एक उपराणी म्हणून उभी राहत असे. नियमाने पाहिले तर यात बेकायदेशीर काहीही नव्हते, कारण सम्राज्ञी ही त्या मुलाची दीमू होतीच. दडवली गेली ती एवढीच गोष्ट की त्याला आणखी एक आई होती.

१०२२ मध्ये झेनझोंग वारला आणि बारा वर्षांचा मुलगा रेनझोंग या नावाने इतिहासात प्रसिद्ध झालेला सम्राट म्हणून गादीवर आला. लिऊने राजमाता या नात्याने राज्यकारभार हाती घेतला. स्त्रीने पुरुष मंत्र्यांसमोर बसायचे तर मध्ये पडदा हवा, या संकेताला अनुसरून अशा कारभाराला चिनी परंपरेत ‘पडद्याआडून राजकारण ऐकणे’ असे म्हणतात, आणि लिऊने तो कारभार अकरा वर्षे मोठ्या कौशल्याने चालवला. सातव्या शतकात वू झतियान या राणीने स्वतःच सम्राटपद घेऊन नवे घराणे स्थापन केले होते; तिचा आदर्श सुचवणारे चित्र एका अधिकाऱ्याने लिऊपुढे ठेवले, तेव्हा पूर्वजांचा असा अपराध आपल्या हातून होणार नाही, असे सांगून तिने ते जमिनीवर भिरकावले, असे इतिहास नोंदवतो. ज्या स्त्रीने मुलाची आई दडवली तिनेच त्या मुलाचे सिंहासन सुरक्षित ठेवले, या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्याशिवाय तिचे मूल्यमापन करता येणार नाही.

झेनझोंगच्या मृत्यूनंतर लीला त्याच्या समाधिस्थळाच्या सेवेसाठी राजधानीबाहेर पाठवण्यात आले. लिऊने तिच्या दुरावलेल्या धाकट्या भावाचाही शोध घेतला. हा ली योंगह कायफेंगमध्ये मृतांसाठी जाळायच्या कागदी नाण्यांवर छाप पाडून पोट भरत होता, त्याला सरकारी पद देण्यात आले. १०३२ मध्ये ली आजारी पडली आणि मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना तिला ‘चेनफेई’ हा उपराण्यांमधला फार वरचा दर्जा देण्यात आला. लिऊचा विचार तिचे दफन साध्या दासीसारखे उरकण्याचा होता. मुख्य प्रधान ल्यू यीजियान याने पडद्यासमोर हा विषय काढताच ती सम्राटाला घेऊन आत गेली, काही वेळाने एकटीच परतली आणि एका दासीच्या मृत्यूशी प्रधानाचा काय संबंध, असे तिने विचारले. राजमातेला आपल्या माहेरच्या घराण्याची पर्वा नसेल तर बोलण्यासारखे काही नाही, पण ती असेल तर हे दफन थाटामाटातच व्हायला हवे, असे उत्तर प्रधानाने दिले. लिऊला तत्काळ उमगले. लीला सम्राज्ञीची वस्त्रे आणि मुकुट घालण्यात आला, शवपेटीत पारा भरण्यात आला आणि होंगफू विहारात तिचे दफन झाले.

प्रधानाचा सल्ला किती दूरदृष्टीचा होता हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. १०३३ मध्ये लिऊ वारली आणि तोवर गप्प राहिलेली जीभ सुटली. सम्राटाच्या काकाने त्याला सांगितले की तुझी खरी आई ली होती आणि तिचा मृत्यू संशयास्पद आहे. तेवीस वर्षांचा सम्राट कित्येक दिवस शोकाने कोलमडून पडला, स्वतःला दोष देणारी आज्ञा त्याने जाहीर केली आणि लिऊच्या माहेरच्या वाड्याला सैनिकांचा वेढा पडला. मग तो विहारात गेला आणि त्याने शवपेटी उघडवली. पाऱ्यामुळे शरीर कुजले नव्हते, चेहऱ्यावर विषप्रयोगाची खूण नव्हती आणि अंगावर सम्राज्ञीचा पोशाख होता. लोकांच्या बोलण्यावर किती विसंबावे, असा उद्गार काढून त्याने वेढा उठवला आणि लिऊच्या घराण्याला पूर्वीपेक्षा अधिक सन्मानाने वागवले. दोन्ही मातांना झेनझोंगच्या समाधीच्या आवारात ठेवण्यात आले आणि फेंगत्सी नावाच्या एकाच वेगळ्या मंदिरात त्यांची पूजा सुरू झाली. नियमाने मुलाला एका आईपासून दूर केले होते. विधीने आता त्याला दोन आया परत दिल्या, पण जिवंतपणी ज्या आईशी त्याने बोलायला हवे होते ती मात्र त्याला कधीच मिळाली नाही.

दुसरे प्रकरण साडेचारशे वर्षांनंतरचे, बीजिंगच्या निषिद्ध नगरीतले आहे. मिंग सम्राट चेंगह्वा (कारकीर्द १४६४–१४८७) याचे बालपण भीतीत गेले होते. तो दोन वर्षांचा असताना, १४४९ मध्ये, त्याचा पिता मंगोलांविरुद्धच्या तूमू येथील लढाईत कैद झाला, काकाने गादी घेतली आणि १४५२ मध्ये या मुलाचे युवराजपदही काढून घेतले. १४५७ मध्ये पिता पुन्हा सत्तेवर येईपर्यंत त्याच्या जिवाला आधार नव्हता. या वर्षांत त्याला सांभाळले ते वान नावाच्या दासीने. ती चार वर्षांची असताना राजवाड्यात आली होती आणि त्याच्याहून सुमारे सतरा वर्षांनी मोठी होती. सम्राट झाल्यावर त्याने साऱ्या अंतःपुरात तिलाच प्रथम स्थान दिले. नव्याने सम्राज्ञी झालेल्या वू हिने वानला छड्या मारल्या, तेव्हा जेमतेम महिनाभरातच वूला पदच्युत करून बाजूच्या वाड्यात पाठवण्यात आले आणि तिच्या जागी आलेली वांग ही सम्राज्ञी गप्प राहून दिवस काढायला शिकली.

१४६६ मध्ये वानला मुलगा झाला, पण तो वर्षाच्या आतच दगावला आणि त्यानंतर तिला मूल झाले नाही. दुसऱ्या एका उपराणीचा मुलगा १४७१ मध्ये युवराज झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. सम्राटाला वारस नाही, या चिंतेने दरबार ग्रासला असताना, प्रत्यक्षात एक राजपुत्र निषिद्ध नगरीलगतच्या पश्चिम भागात कोणाच्या नकळत वाढत होता. त्याची आई जी ही दक्षिणेकडील ग्वांगशी प्रांतातल्या स्थानिक जमातीच्या सरदारकुळातली होती. मिंग सैन्याने तिथले बंड मोडले तेव्हा कैद होऊन ती राजवाड्यात आली, आणि लिहितावाचता येत असल्याने अंतर्गत कोठाराचा हिशेब तिच्याकडे सोपवण्यात आला होता. सम्राट एकदा कोठारात गेला असता तिच्या नेमक्या उत्तरांनी प्रसन्न झाला, आणि ती गरोदर राहिली.

मिंग घराण्याचा इतिहास १७३९ मध्ये पुढच्या चिंग राजवटीत पूर्ण झाला, आणि त्यात दिलेली हकिकत पुढीलप्रमाणे आहे. गर्भ पाडण्यासाठी वानने पाठवलेल्या दासीला जीची दया आली आणि हिला पोटाचा आजार आहे, असे तिने परत जाऊन सांगितले. त्यामुळे जीला आनलतांग या आजारी दासींच्या वाड्यात हलवण्यात आले आणि तिथे १४७० मध्ये मुलगा झाला. झांग मिन नावाच्या दरवाजावरच्या खोज्याला मुलाला बुडवून टाकण्यास सांगण्यात आले, पण सम्राटाला वारस नसताना हे करणे त्याला जमले नाही. त्याने मुलाला आडबाजूच्या खोलीत ठेवून पिठाची पेज आणि मध यांवर जगवले. पदच्युत सम्राज्ञी वू जवळच्याच वाड्यात राहत होती. तिला हे कळल्यावर तिनेही मुलाला वाढवण्यात हात दिला. ज्या स्त्रीने वानला दुखावल्याबद्दल सारे गमावले होते, तिने त्याच वानच्या प्रतिस्पर्धिनीचे मूल जपले.

१४७५ मध्ये झांग मिन सम्राटाचे केस विंचरत असताना, आरशात पाहून सम्राट म्हणाला की म्हातारपण येऊ लागले आणि अजून मुलगा नाही. खोज्याने जमिनीवर डोके टेकून, आपल्याला मृत्यूची शिक्षा व्हावी पण मुलगा आहे, असे सांगितले, आणि ह्वाई एन या वरिष्ठ खोज्याने त्याला दुजोरा दिला. मुलाला आणण्यासाठी माणसे गेली, तेव्हा जीने त्याला कुशीत घेऊन समजावले की तू गेलास की माझे जगणे संपेल, आणि पिवळा झगा घातलेला, दाढी असलेला पुरुष दिसला की तोच तुझा बाप. मुलाचे जावळ कधी काढलेच नव्हते आणि केस जमिनीपर्यंत लोळत होते. छोट्या पालखीतून आलेला तो मुलगा धावत जाऊन सम्राटाच्या मांडीवर बसला. युवराजपदाची तयारी सुरू झाली, पण काही आठवड्यांतच जी अचानक वारली. वानने तिला मारवले असे काही म्हणत आणि तिने गळफास घेतला असे काही. झांग मिननेही सोने गिळून जीव दिला, असे हा ग्रंथ सांगतो. आजीने, म्हणजे झोउ या राजमातेने, मुलाला स्वतःच्या वाड्यात नेले आणि वानने जेवायला बोलावले तर काही खाऊ नको, असे त्याला पढवले.

या हकिकतीची रचना नाट्यमय आहे, आणि तिचे मूळ यू शेनशिंग या विद्वानाने सुमारे शंभर वर्षांनंतर एका वृद्ध खोज्याकडून ऐकून लिहून ठेवलेल्या माहितीत सापडते. घटनेच्या जवळच्या काळातील साधने वेगळे काही सुचवतात. यिन झी या तत्कालीन दरबारी अधिकाऱ्याच्या टिपणांनुसार, गरोदर जीला आजाराचे निमित्त करून दुसऱ्या वाड्यात हलवण्याची व्यवस्था स्वतः सम्राटानेच केली होती आणि दरवाजावरच्या खोज्यांना तिची काळजी घेण्यास त्यानेच सांगितले होते. झांग मिनचे नाव १४७५ नंतरच्या दरबारी नोंदींतही आढळते. शिवाय १४७५ नंतर, वान हयात असताना आणि सम्राटाची तिच्यावरील मर्जी कायम असताना, चेंगह्वाला आणखी दहाहून अधिक मुलगे झाले. प्रत्येक गर्भ नष्ट करणाऱ्या सर्वसमर्थ राणीच्या चित्राशी ही गोष्ट जुळत नाही. मुलाला दडवण्यात खुद्द बापाचा हात असेल, तर सुमारे पाच वर्षे त्याला निनावी ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच ठरते, आणि नंतरच्या कथेने ती जबाबदारी अलगद वानच्या पदरात टाकली, असे म्हणावे लागते.

मुख्य मंत्री शांग लू याने त्या काळात सादर केलेला अर्ज या दृष्टीने फार बोलका आहे. राजपुत्राचा सांभाळ वान पोटच्या मुलाहून अधिक ममतेने करत आहे, असे त्यात आधी म्हटले आहे. आणि मग मुलाची आई आजारामुळे वेगळी राहते व तिला मूल भेटत नाही असे बाहेर बोलले जाते, म्हणून तिला जवळ आणावे, ही विनंती केली आहे. वानला दुखावायचे नाही आणि जीला एकटी पाडायचे नाही, ही दुहेरी कसरत ज्या भाषेत केली आहे, त्या भाषेवरून मंत्र्यांनाही सत्य सरळ मांडणे किती अशक्य होते याचा अंदाज येतो.

१४८७ मध्ये आधी वान आणि काही महिन्यांनी सम्राटही वारला, आणि दडवला गेलेला मुलगा होंगझी (कारकीर्द १४८७–१५०५) हे राजनाम धारण करून गादीवर आला. वानचे मरणोत्तर सन्मान काढून घ्यावेत, जीच्या मृत्यूची चौकशी करावी आणि तेव्हाच्या वैद्यांना व वानच्या नातलगांना पकडावे, अशा मागण्या अधिकाऱ्यांनी केल्या. पित्याच्या इच्छेविरुद्ध जाणे होईल म्हणून त्याने त्या फेटाळल्या. सुंग काळातील रेनझोंगप्रमाणेच त्यानेही सूड टाळून विधीचा मार्ग धरला. आईला राजमातेचा किताब देऊन पित्याच्या समाधिस्थळी हलवले, आणि मुख्य मंदिरात तिला जागा नसल्याने राजवाड्यात वेगळे पूजागृह बांधून त्याला सुंग काळातलेच फेंगत्सी हे नाव दिले.

मग त्याने आजोळचा शोध सुरू केला, आणि इथे दडवलेल्या ओळखीची कथा उलट्या दिशेने फिरली. आईच्या माहेराबद्दल निश्चित कोणालाच काही ठाऊक नव्हते, कारण ती कैदी म्हणून आली होती आणि कैद्यांच्या वंशावळी कोणी जपत नसे. ग्वांगशीतल्या बोलीत जी आणि ली ही आडनावे सारखीच ऐकू येतात; या सारखेपणाचा फायदा घेऊन ली आडनावाचे लोक राजमातेचे भाऊबंद म्हणून पुढे आले, त्यांना अधिकारपदे, घरे आणि जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या तथाकथित पूर्वजांच्या समाध्यांचीही डागडुजी झाली. प्रतिस्पर्धी दावेदार आपसांत भांडू लागल्यावर सम्राटाने दोन अधिकाऱ्यांना वेष पालटून याओ आणि झ्वांग जमातींच्या खेड्यांत पाठवले. तिथे गुप्तपणे चौकशी करून त्यांनी सर्व तोतये उघडे पाडले आणि त्या तोतयांची रवानगी सरहद्दीवर झाली. १४९० मध्ये विधिखात्याच्या मंत्र्याने सुचवले की मिंग घराण्याच्या संस्थापकालाही आपल्या सम्राज्ञीचे आईवडील सापडले नव्हते आणि त्याने त्यांच्या नावे मंदिर उभारले होते. तोच पायंडा धरावा. त्यानुसार ग्वांगशीतील ग्वेलिन येथे जीच्या निनावी आईवडिलांसाठी मंदिर बांधण्यात आले. सम्राटाच्या हाती साऱ्या साम्राज्याच्या नोंदी होत्या, तरी स्वतःच्या आजोबांचे नाव त्याला मिळू शकले नाही.

होंगझीच्या खाजगी जीवनात बालपणाचे पडसाद शोधण्याचा मोह इतिहासकारांना होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. झांग ही एकच सम्राज्ञी त्याने ठेवली आणि उपराण्यांचे अंतःपुर भरले नाही. चिनी सम्राटांच्या परंपरेत ही गोष्ट फारच विरळ आहे. आपल्या मुलाला एकच आई असावी आणि तीच त्याची दीमू असावी, अशी ही व्यवस्था होती. तरीही अफवेने त्याची पाठ सोडली नाही. झेंग वांग नावाच्या एका सामान्य सैनिकाने आपली राजवाड्यात दिलेली मुलगी हीच युवराजाची खरी आई असल्याचा दावा केला, १५०४ मध्ये त्याला पकडण्यात आले आणि हे प्रकरण पुढच्या कारकिर्दीतही धुमसत राहिले. या दाव्यात तथ्य नव्हते असेच बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. पण लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, कारण याआधी खरोखरच असे घडले होते आणि पुन्हा घडू शकते, हे त्यांना माहीत होते.

लोककथेने या प्रकरणांचे जे केले तेही समजून घेण्यासारखे आहे. सुंग आणि मिंग यांच्या मधल्या युआन काळातल्या एका नाटकात चेन लिन नावाचा खोजा लीच्या मुलाला प्रसाधनपेटीत लपवून राजवाड्याबाहेर काढतो. पुढे याच कथेत सोललेले रानमांजर आले. राणी लिऊने बाळाच्या जागी ते ठेवून लीवर राक्षसाला जन्म दिल्याचा आळ घेतला, ली आंधळी होऊन भटकत राहिली आणि न्यायनिष्ठ अधिकारी बाव झेंग याने तिला शोधून तिची मुलाशी भेट घडवली, असे कथानक झाले. शी यूकून या कथेकऱ्याच्या परंपरेतून निघालेल्या आणि १८७९ मध्ये छापल्या गेलेल्या ‘तीन वीर आणि पाच शूर’ या कादंबरीने आणि चिनी संगीतनाटकांनी ते घरोघर पोहोचवले. प्रत्यक्षात सत्य बाहेर आले तेव्हा बाव झेंग (९९९–१०६२) वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी नोकरीबाहेर होता, आणि ली तर आधीच वारली होती. लोकांना न्यायाधीश हवा होता आणि आई जिवंत हवी होती. इतिहासाने जे नाकारले ते कथेने दिले, ही त्या कथेची माणुसकी आहे. मात्र त्याची किंमत लिऊला मोजावी लागली. मूल घेण्याचा नियमाने दिलेला अधिकार वापरणारी, अकरा वर्षे समर्थपणे राज्य चालवणारी स्त्री लोकस्मृतीत रानमांजर ठेवणारी दुष्टा म्हणून उरली, आणि वानही त्याच साच्यात बसवली गेली.

वंश चालवण्यासाठी अनेक स्त्रिया हव्यात पण आईचा मान एकीलाच हवा, या तत्त्वावर जी व्यवस्था उभी असते, तिथे प्रत्येक गर्भ हा कोणाच्या तरी दर्जाला धोका ठरतो आणि प्रत्येक जन्म लपवण्याजोगा होतो. लिऊ, ली, वान, वू आणि जी या पाचही जणी राजवाड्यात सामर्थ्यहीन अवस्थेत आल्या किंवा तिथे कधी ना कधी सामर्थ्यहीन झाल्या. त्यांच्यातली स्पर्धा तीव्र होती हे खरे, पण स्पर्धेचे नियम त्यांनी केले नव्हते. ज्याने नियम मोडले नाहीत आणि ज्याच्या इच्छेभोवती ते सारे नियम फिरत होते, तो सम्राट मात्र कथेत बहुधा फसवला गेलेला, शोकाकुल बाप म्हणूनच येतो. अंतःपुराचा इतिहास लिहिताना दृष्टी या असमतोलावर स्थिर ठेवली, तरच त्या स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या दोषाचे आणि दुःखाचे माप योग्य तऱ्हेने घेता येईल, आणि रेनझोंग व होंगझी या दोघांनी सूड नाकारून जे केले त्याचे महत्त्वही तेव्हाच नीट कळेल: आपल्याला वाढवणाऱ्या किंवा छळणाऱ्या एका स्त्रीला शिक्षा करून आपल्या आईला न्याय मिळणार नाही, हे त्यांनी ओळखले होते, आणि त्यांच्या हाती होता तेवढा न्याय, म्हणजे तिचे नाव मातेच्या जागी लिहिणे, त्यांनी केला.